कच्च्या लिंबूसकट सगळ्यांना खेळता येईल असा व्हिडिओ गेम कसा निवडावा

दुकानात जाऊन ‘फॅमिलीसाठी एखादा चांगला गेम द्या’ म्हटलं की समोर बहुधा तीन डबे येतात: एक फुटबॉलचा, एक गाड्यांचा आणि एक ज्याचं कव्हर सगळ्यात रंगीत असेल तो. तिन्हींपैकी कुठलाही घरी नेला तरी पुढे तेच होतं. घरातला चौदा वर्षांचा मुलगा खेळतो, बाकीचे बघतात आणि पंधरा मिनिटांत बघणारे आपापले मोबाइल काढतात. गेममध्ये वावगं असं काही नसतं, पण तो घराचा गेमही नसतो.

लगोरी किंवा लपंडाव खेळताना धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून घेतात. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, पण पळतो सगळ्यांबरोबर. घरच्या व्हिडिओ गेमसाठी माझी पहिली चाळणी हीच आहे: यात कच्च्या लिंबूची सोय आहे का? हिंसा, शिव्या, पैसे हे सगळं तपासायचंच आहे, ते पुढे येईल. पण त्या तपासण्या गेममध्ये काय नाही एवढंच सांगतात. आजीला पहिल्या पाच मिनिटांत बाजूला बसावं लागेल का, हे त्यातून कळत नाही.

१. आधी माणसं मोजा

कागदावर लिहून काढा: एका वेळी किती जण बसणार, त्यात वयाने लहान कोण, नवखं कोण, भरभर इंग्रजी कोणाला वाचता येतं आणि जेवणं आटोपल्यावर खरोखर किती वेळ हातात असतो. लहान आणि नवखं ही दोन वेगळी माणसं असतात बरं का. सहा वर्षांची नात बहुतेकदा आजोबांच्या पुढे असते.

नवख्या माणसाचं गणित नीट समजून घेण्यासारखं आहे. हल्लीच्या कंट्रोलरवर अंगठ्याखाली दोन छोट्या दांड्या असतात. डावीने चालायचं, उजवीने नजर फिरवायची. सवय असलेल्याला हे दोन्ही आपण एकदम करतोय याची जाणीवही नसते. पण पहिल्यांदाच कंट्रोलर धरलेल्या काकू चालतात तेव्हा वळत नाहीत, वळतात तेव्हा थांबतात आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर नुसतं आभाळ उरतं. मग ‘मला नाही बाई जमत’ आणि कंट्रोलर परत. म्हणून पहिला गेम असा घ्या, ज्यात कॅमेरा आपला आपण हलतो किंवा अख्खं मैदान एकाच पडद्यात दिसतं. एवढं एक पथ्य पाळलं तरी निम्मी निवड झाली म्हणून समजा.

काहींना पडद्यावरच्या हालचालीने गरगरतं, मळमळतं. पात्राच्या डोळ्यांतून जग दिसतं त्या गेममध्ये हे जास्त होतं आणि मोठ्या टीव्हीच्या जवळ बसलं की आणखी. सेटिंगमध्ये ‘मोशन ब्लर’ आणि ‘कॅमेरा शेक’ बंद केले की बऱ्याच जणांना फरक पडतो. घरात कोणाला फिट येत असेल, तर मात्र सुरुवातीला दिसणारी झगमगत्या प्रकाशाची सूचना गंभीरपणे घ्या आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय खेळायला बसवू नका.

भाषेचं म्हणाल, तर मराठीचा पर्याय क्वचितच सापडतो. त्यामुळे ज्यात पानभर संवाद वाचावे लागतात ते गेम सध्या बाजूला ठेवा.

२. घरात काय आहे ते बघा

लगेच पन्नास हजारांचं यंत्र आणायची गरज नाही. साधारण बरा लॅपटॉप, तो टीव्हीला जोडायला एचडीएमआय केबल आणि दोन यूएसबी कंट्रोलर एवढ्यावर या लेखातले बरेच गेम चालतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ असेल तर तो चालू करा. नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते आणि नवख्याला वाटतं आपलंच चुकतंय.

नवं यंत्र घ्यायचंच असेल, तर घरच्या खेळासाठी निन्टेन्डो स्विचचा नंबर माझ्या मते वरचा. मूळ स्विचच्या दोन बाजूंचे तुकडे सुटे होतात आणि बऱ्याच गेममध्ये प्रत्येक तुकडा हा एक स्वतंत्र कंट्रोलर होतो, म्हणजे डब्यातूनच दोघांची सोय. आपल्याकडे मात्र हा माल बाहेरून मागवलेला असतो, तेव्हा वॉरंटी कोण देणार हे पैसे मोजण्याआधी दुकानदाराला विचारा आणि बिलावर लिहून घ्या. प्लेस्टेशन ५ इथे २ फेब्रुवारी २०२१ पासून रीतसर मिळतो. तो घेताना डिस्कवाला घ्या. जुन्या डिस्क विकता येतात, मित्रांत अदलाबदल करता येते. बिनडिस्कच्या यंत्रावर ती वाट बंद.

३. रेटिंग वाचा, पण तिथेच थांबू नका

सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र असतं तसं वयानुसार प्रमाणपत्र देणारं मंडळ आपल्याकडे गेमसाठी नाही. त्यामुळे डब्यावर दिसतात ती परदेशी चिन्हं. अमेरिकेचं ईएसआरबी १९९४ पासून आहे: ‘ई’ म्हणजे सर्वांसाठी, ‘ई१०+’, ‘टी’ म्हणजे तेरा वर्षांपासून, ‘एम’ म्हणजे सतरापासून पुढे. युरोपचं पेगी २००३ पासूनचं, त्यात सरळ आकडेच असतात: ३, ७, १२, १६ आणि १८. अँड्रॉइडच्या प्ले स्टोअरवरही अशाच धर्तीचे आकडे दिसतात.

आकड्यापेक्षा त्याच्या शेजारची चित्रं किंवा शब्द जास्त कामाचे: हिंसा, भीती, शिवराळ भाषा, जुगार. ईएसआरबीच्या साइटवर गेमचं नाव टाकलं की नेमकं कशामुळे हे रेटिंग दिलं त्याचा छोटा परिच्छेद मिळतो. दोन मिनिटांचं वाचन आहे, पण विकत घेण्याआधी ते करणारे पालक विरळाच. ‘गाड्यांचा गेम आहे’ एवढ्यावर जीटीए ५ घरी येतो तो असाच. त्याला पेगीचा १८ आकडा आहे आणि तो गाड्यांमुळे नाही.

उलट बाजूही बघा. ईए स्पोर्ट्स एफसी हा फुटबॉलचा गेम पेगी ३, पण त्यात खरे पैसे मोजून बंद पाकिटं विकत घेता येतात आणि आत कुठला खेळाडू निघेल ते नशिबावर. पेगीच्या ‘गेममधली खरेदी’ या सूचनेत ‘यादृच्छिक वस्तूंसह’ असं असतं ते याबद्दल. इट टेक्स टू चं उदाहरण वेगळं. २०२१ चा हा गेम बरोब्बर दोघांनीच खेळायचा, कल्पक इतका की ‘द गेम अवॉर्ड्स’ या पुरस्कारांत वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला. रेटिंग १२. पण गोष्ट आहे घटस्फोट घ्यायला निघालेल्या आईबापांची, आणि मुलीला रडवण्यासाठी ते तिच्या लाडक्या हत्तीच्या खेळण्याचं जे करतात तो प्रसंग भल्याभल्यांना सहन होत नाही. नवराबायकोंनी जरूर खेळावा. शेजारी आठ वर्षांचं पोर बसवून नको.

४. एका सोफ्यावर का आपापल्या फोनवर?

ही पायरी विसरली की पैसे पाण्यात. डब्यावर किंवा स्टोअरच्या पानावर ‘चार खेळाडू’ लिहिलेलं असतं, पण ते चार जण चार घरांतले, चार यंत्रांवरचे असू शकतात. आपल्याला शोधायचे शब्द म्हणजे ‘लोकल को-ऑप’, ‘शेअर्ड स्क्रीन’, ‘स्प्लिट स्क्रीन’ किंवा ‘काउच को-ऑप’. नुसतं ‘ऑनलाइन को-ऑप’ असेल तर पुढे चला. आणि शक्यतो एकमेकांविरुद्धच्या गेमपेक्षा एकाच बाजूने खेळायचा गेम आधी घ्या. बहीणभावांत रडीचा डाव सुरू झाला की गेम कितीही गोजिरा असो, संध्याकाळ गेलीच.

५. ‘फुकट’ या शब्दाला घाबरा

फोनवरचे फुकट गेम म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या. दर दोन मिनिटांनी जाहिरात, जाहिरातीतला बंद करायचा फुलीची खूण मुद्दाम बारीक, आणि हिरे-नाणी संपली की ‘फक्त ८९ रुपये’. मुलाच्या हातात फोन देण्याआधी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करून ठेवा. शक्य असेल तर गूगलच्या फॅमिली लिंक या अ‍ॅपमधून मुलाचं वेगळं खातं उघडा, म्हणजे खरेदीची परवानगी तुमच्या फोनवर येते. महिन्याची वर्गणी परवडत असेल तर गूगलचा प्ले पास किंवा आयफोनवर अ‍ॅपल आर्केड बघा. त्यातल्या गेममध्ये जाहिराती नाहीत, आतली खरेदी नाही, आणि कुटुंबातल्या बाकीच्यांनाही तीच वर्गणी चालते.

रोख रकमेचं आमिष दाखवणारं लुडो, रमी किंवा क्रिकेटचं अ‍ॅप दिसलं तर विचारच करू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आहे, मग तो गेम कौशल्याचा असो वा नशिबाचा. फोनवर फुकटात काही हवंच असेल, तर आपल्या नवी मुंबईत तयार झालेला लुडो किंग आहे. एकच फोन हातोहात फिरवायचा प्रकार निवडा आणि इंटरनेट बंद करून खेळा. बुद्धिबळासाठी लिचेस. फुकट, जाहिरातींशिवाय, आणि त्यामागे काही छुपं नाही.

६. आता प्रत्यक्ष गेम

ही यादी सगळ्यांसाठी सारखी नाही. पहिल्या पायरीवरचा कागद समोर ठेवून वाचा.

घरात कोणीच कधी कंट्रोलर धरलेला नसेल तर मी ओव्हरकुक्डपासून सुरुवात करायला सांगेन. चार जण मिळून हॉटेलचं स्वयंपाकघर चालवायचं: एकाने कांदा चिरायचा, दुसऱ्याने सूप शिजवायचं, तिसऱ्याने ताटल्या विसळायच्या, चौथ्याने वाढायचं. अख्खं स्वयंपाकघर एका पडद्यात दिसतं, बटणं मोजकी, आणि काय करायचं ते वरच्या कोपऱ्यात चित्रांनी दिसतं. गंमत अशी की इथे बोटांच्या चपळाईपेक्षा आरडाओरडा जास्त उपयोगी पडतो. ज्या बाईने आयुष्यभर वीस माणसांचा स्वयंपाक उरकलाय, ती दहा मिनिटांत सगळ्यांना कामाला लावते. घ्यायची ती ‘ऑल यू कॅन ईट’ आवृत्ती. दोन्ही भाग त्यात आहेत आणि ‘असिस्ट मोड’ चालू केला की वेळ जास्त मिळतो, अडलेली पातळी ओलांडून पुढे जाता येतं. रेटिंग पेगी ३. मात्र पुढच्या पातळ्या अवघड होत जातात. तीन तारे मिळवायच्या भरीला पडलात तर घरात खरी भांडणं होतात, हे आधीच सांगून ठेवतो.

याच जातकुळीतला मूव्हिंग आउट. सामान हलवायचं काम: सोफा दारात अडकतो, फ्रिज जिन्यावरून ढकलायचा, ट्रकमध्ये सगळं कोंबायचं. ज्यांनी भाड्याची घरं बदललीत त्यांना वेगळं समजवावं लागत नाही. यातही सोपा प्रकार आहे.

स्विच असेल तर मारिओ कार्ट ८ डिलक्स. चौघांचा पडदा चार भागांत, आणि कच्च्या लिंबूसाठी ‘स्मार्ट स्टिअरिंग’: गाडी रस्ता सोडून दरीत जात नाही. त्यासोबत ‘ऑटो अ‍ॅक्सिलरेट’ लावलं की वेगाचं बटणही दाबावं लागत नाही. मागे पडलेल्याला मिळणारी हत्यारं जास्त जोरदार असतात, त्यामुळे शेवटच्या वळणावर पहिला नंबर गमावणारा थोरला भाऊ हे नेहमीचंच दृश्य. चार वर्षांचं मूल आणि पंधरा वर्षांचा भाऊ एकाच शर्यतीत धावतील आणि दोघांनाही मजा येईल असे गेम फार नाहीत, हा त्यातला एक.

लेगोचे गेम साधारण सात ते बारा वयाच्या मुलाबरोबर एका पालकाने खेळायला उत्तम. दुसऱ्याने मधूनच यावं, पोळ्या करायच्या झाल्या की उठून जावं, खेळ थांबत नाही. पडलात-मेलात तरी क्षणात परत उभे. अनरॅव्हल टू मध्ये लोकरीच्या दोन बाहुल्या एकाच धाग्याने बांधलेल्या असतात. अवघड जागी एकाने दुसऱ्याला पाठुंगळी घेऊन नेलं तरी चालतं. अनटायटल्ड गूस गेममध्ये इंग्लंडमधल्या एका शांत गावात तुम्ही खोडकर बदक होऊन लोकांच्या वस्तू पळवता. बदकं दोन, म्हणजे खोड्याही दुप्पट.

कंट्रोलरला हातच न लावणाऱ्यांसाठी माझ्याकडे एक हुकमी पत्ता आहे: कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स. एक जण लॅपटॉपसमोर बसतो, त्याला टाइम बॉम्ब दिसतो. बाकीच्यांना पडदा बघायचा नाही. त्यांच्या हातात असते बॉम्ब निकामी करायची २३ पानी पुस्तिका, जी फुकट उतरवून छापता येते. मग संवाद असा होतो:

‘तीन वायरी आहेत. निळी, काळी, निळी.’
‘थांब, थांब. तीन वायरी… लाल आहे का त्यात?’
‘नाही!’
‘मग दुसरी काप. दुसरीच! अहो, पान उलटू नका!’

पुस्तिका इंग्रजीत आहे, म्हणून ज्याला इंग्रजी येतं त्याने वाचायचं आणि मराठीत ओरडायचं. निवृत्त कारकून, शिक्षक, कोर्टातली माणसं यात कमालीची तरबेज निघतात, कारण हा सगळा नियमावली वाचण्याचा खेळ आहे. आईच्या नाहीतर आत्याच्या हातात पेन्सिल द्या, खुणा करायला. बॉम्बचा विषय काहींना रुचणार नाही, पण तो फुटला तरी पडदा काळा होतो, एवढंच.

बोलत बोलत, एकाने खेळायचं आणि इतरांनी बघायचं असा गेम हवा असेल तर २०२३ चा वेन्बा. तामिळनाडूतून कॅनडाला गेलेलं कुटुंब, तिथे जन्मलेला मुलगा आणि आईची फाटकी-डागाळलेली पाककृतींची वही. पहिलंच कोडं इडलीचं: पात्रातल्या ताटल्या एकावर एक कशा रचायच्या की वाफ नीट फिरेल? जन्मभर इडल्या केलेली व्यक्ती शेजारी असेल तर तिला विचारा, उत्तर पडद्याआधी येईल. पूर्ण गेम एका संध्याकाळीत संपतो. परदेशात वाढणारी मुलं असलेल्या घरांनी तर हा चुकवू नये. शेवटाकडे थोडं गलबलतं.

माइनक्राफ्टचं, म्हणजे ठोकळे रचून हवं ते बांधायच्या गेमचं, नाव मुलं स्वतःच काढतील. हरकत नाही, पण ‘क्रिएटिव्ह’ किंवा ‘पीसफुल’ प्रकाराने सुरुवात करा आणि अनोळखी सर्व्हर, म्हणजे परक्यांबरोबरचा ऑनलाइन खेळ, बंद ठेवा. मोठ्यांनी किल्ला बांधायचं काम अंगावर घ्यावं. दिवाळीत मातीचा करता, तसाच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला राजी हा २०२० चा गेम देखणा आहे, भावाला सोडवायला निघालेली मुलगी आणि पाठीशी दुर्गा. पण तो एकट्याने खेळायचा लढाईचा गेम आहे. मोठ्या मुलांसाठी ठीक, आजच्या यादीत बसत नाही.

७. पैसे भरण्याआधी आणि पहिल्या संध्याकाळी

जाहिरातीचा ट्रेलर बघू नका. यूट्यूबवर गेमच्या नावापुढे ‘गेमप्ले’ आणि ‘नो कॉमेंटरी’ टाकून सलग दहा मिनिटं बघा. मधलं कुठलंही. तिथे पडदा किती भरलेला आहे, अक्षरं किती बारीक आहेत, रक्त दिसतं का, हे आपोआप कळतं. परताव्याचे नियमही आधी जाणून घ्या. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात, म्हणून पहिली चाचणी तिथेच करावी. प्लेस्टेशनच्या दुकानात गेम उतरवायला सुरुवात केली की ती सवलत सहसा संपते. घाई नसेल तर स्टीमवर यादीत टाकून ठेवा. जूनअखेरीस आणि डिसेंबरअखेरीस मोठे सेल लागतात, तेव्हा भाव बरेच खाली येतात.

यंत्र आणि गेम सगळे जमण्याच्या आदल्या रात्रीच सुरू करून बघा. नवा गेम पहिल्यांदा लावला की अपडेट उतरवायला तासभर सहज जातो आणि तोवर पाहुणे गच्चीवर गेलेले असतात. पहिल्या दिवशी सगळ्या सोप्या सोयी चालू ठेवा आणि सर्वांत पटाईत माणसाला कंट्रोलर शेवटी द्या. त्याने दुसऱ्याच्या हातातून तो हिसकावून ‘दे, मी करून दाखवतो’ म्हणायचं नाही, तोंडाने सांगायचं. वेळ संपल्याचं घड्याळाकडे बघून सांगू नका. ‘ही पातळी झाली की बंद’ असं ठरवा. अर्ध्यात बंद केलं तर बऱ्याच गेममध्ये तेवढी मेहनत वाया जाते, आणि मुलं चिडतात ती बहुधा त्यासाठी.

८. नातेवाईक लांब असतील तर

न्यू जर्सीतली मावसभावंडं आणि डोंबिवलीतली आपली मंडळी एकाच खेळात बसवायची, तर स्टीमचं ‘रिमोट प्ले टुगेदर’ वापरा. गेम एकानेच विकत घ्यायचा, बाकीच्यांना आमंत्रणाची लिंक पाठवायची. त्यांच्याकडे तो गेम असावा लागत नाही. लागतो तो दोन्हीकडे चांगला इंटरनेट. ज्याच्याकडे जास्त वेगाचं, त्याच्या लॅपटॉपवर गेम चालू द्या आणि शर्यतीऐवजी सावकाश चालणारं काही निवडा, कारण समुद्रापलीकडे बटणाला थोडा उशीर होतोच. बोलणं व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर वेगळं चालू ठेवलेलं बरं. वेळ आपल्याकडे रविवारी सकाळी आठची ठेवा, तेव्हा तिकडे शनिवारची रात्र असते आणि दुसऱ्या दिवशी कोणाला ऑफिस नसतं. लंडनवाले त्या वेळी झोपेत असतात, त्यांच्यासाठी रविवारची संध्याकाळ वेगळी काढावी लागेल.